जनरलसाहेबांची बदली

अण्णा,

तुमचा जनरल नुसता कवायतमास्तर होता. तुम्ही होतात तेव्हा हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही, म्हणून तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाल्यावर आधी तेच लिहून मोकळी होते. धाकट्याने तुमच्या त्या अकरा वह्या ट्रंकेतून काढल्या आहेत. तुमचे जुने विद्यार्थी गोळा करून त्याने पुस्तक छापायचा घाट घातलाय. नगरच्या छापखान्यातून, हो, आता अहिल्यानगर म्हणायचं, प्रुफं आली आणि ती तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात इंग्रजी शिकवून रिटायर झालेली मी एकटीच. सोमवारी प्रुफं परत द्यायचीत आणि आठ दिवस मी एकाच शब्दापाशी अडून बसलेय.

ते इंग्रजी पुस्तक तुम्हाला रद्दीवाल्याकडे मिळालं होतं. वर कुठल्याशा मिशनच्या शाळेचा पुसट शिक्का, आत दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या यादवी युद्धातला हा एक सेनापती. तुम्ही जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, तुमचं इंग्रजी शब्दकोश धरून चालणारं, तरी तुम्ही अकरा वर्षं खपून त्याचं अख्खं चरित्र मराठीत उतरवलंत. देवळाली प्रवराच्या घरात आई भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसून ताजं पान वाचून दाखवताय. जनरलसाहेबांनी विस्कटलेली फौज कशी शिस्तीला लावली, बुटांना कशी चकाकी आली, संचलन बघायला राजधानी कशी लोटली. आज कवायत, उद्या संचलन, परवा परत कवायत. आई एकदा तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "लई दिस झालं, ह्यो बाबा लढाईला निगनार कवा?"

"तयारी चाललीय," तुम्ही म्हणालात.

"व्हय. आन् पल्याडचे काय झोपलेत?"

मला फिसकन हसू आलं. तुम्ही वही मिटून ओट्यावर जाऊन बसलात.

प्रुफं वाचताना कळतंय, आईने एका वाक्यात जे ओळखलं ते तुम्हाला अकरा वर्षांत दिसलं नाही. या माणसाला समोरचा शत्रू नेहमी दुप्पट दिसायचा. स्वतःकडे जास्त फौज असताना हा राजधानीला पत्र पाठवणार, अजून माणसं द्या, अजून तोफा द्या, घोडे दमलेत. वरचा राष्ट्राध्यक्ष बिचारा विनवून थकला, आणि हा घरी बायकोला पत्रं लिहून त्याचीच टिंगल करणार. एकदा तर शत्रूचा सगळा बेत याच्या हातात आयता आला, तीन चिरुटांभोवती गुंडाळलेला कागद. आपल्याकडचा साधा सोसायटीचा चेअरमनसुद्धा तेवढ्यावर समोरचं पॅनेल पाडेल. साहेबांनी विचार करण्यात जवळजवळ अख्खा दिवस घालवला. नंतर लढाई झाली, पण बरीचशी फौज याने राखून ठेवली. कशासाठी राखली कोण जाणे. तुम्ही मात्र समासात लाल शाईने लिहिलंत, 'दूरदृष्टी'.

आणि हे सगळं वहीत राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. मी पाचवीत असताना तुम्ही आमचं लेझीम पथक बसवलंत. दिवाळीपासून रोज दोन तास. पांढरे सदरे, लाल पट्टे, गावातली माणसं शेतावर जाता जाता थांबून बघायची. राहुरीला तालुक्याच्या स्पर्धा होत्या. सकाळी टेम्पो शाळेच्या दारात येऊन उभा, आम्ही पोरं आत चढलेली, आणि तुम्हाला कुणीतरी येऊन सांगितलं की समोरच्या शाळेचं पथक चाळीस जणांचं आहे. तुम्ही आम्हाला खाली उतरवलंत. "अजून पावलं जुळत नाहीत. पुढच्या वर्षी जाऊ." मी विचारलं, "चाळीस आहेत हे मोजलं कुणी?" तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "जास्त शहाणपणा नको," आणि मला सुट्टी होईपर्यंत वर्गाबाहेर उभं केलंत. त्यांची सोळा पोरं होती, अण्णा. त्यांच्यातली एक पुढे माझ्याबरोबर कॉलेजला होती, तिनेच सांगितलं. पुढच्या वर्षीही आपण गेलो नाही.

मग माझी पाळी आली. बी.ए. झाले, राज्यसेवेची परीक्षा द्यायची होती, नायब तहसीलदार व्हायचं होतं. तुम्ही खूश होऊन मला एक वेळापत्रक करून दिलंत, कार्डशीटवर, चार रंगांच्या शाईने, पहाटे पाचपासून. इतकं सुंदर वेळापत्रक मी नंतर कुठल्याच शाळेत पाहिलं नाही. पण फॉर्म भरायची वेळ आली की तुम्ही म्हणायचात, "लाखाने पोरं बसतात." पुढच्या वर्षी त्याचे दोन लाख झाले. "जनरलसाहेब कधी अर्ध्या तयारीने निघाले नाहीत." तीन वर्षं तीन फॉर्म माझ्या पुस्तकांत दबून राहिले आणि मग लग्न, मग शाळा, मग वयच निघून गेलं. नवऱ्याला, पोरींना, स्टाफरूममध्ये, जो विचारेल त्याला मी हेच सांगत आले की वडिलांनी सही दिली नाही.

आता तो शब्द. शेवटच्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, 'जनरलसाहेबांना कार्यमुक्त करण्यात आले.' इंग्रजी पुस्तक समोर ठेवून बघितलं, तिथे 'रिलीव्ह्ड' आहे. अण्णा, मास्तरांची बदली झाली की त्यांना कार्यमुक्त करतात. तुम्हाला सात वेळा केलं, दर वेळी शाल, श्रीफळ, पेढे, पोरांची रडारड. म्हणून तुम्हाला वाटलं, साहेबांचीही बदलीच झाली. त्यात दैव असं की निरोप घेताना त्यांचे शिपाई खरोखर रडले होते, तेव्हा तुमची खात्रीच पटली. तुम्ही तिथे निरोप समारंभाची दोन पानं घातलीत. पुढे त्यांना घरी जाऊन आदेशाची वाट बघायला सांगितलं, तर तुम्ही लिहिलंत, 'पदस्थापनेच्या प्रतीक्षेत राहिले.' कसली पदस्थापना! आदेश कधी आलाच नाही. त्यांना हाकललं होतं. वेळ होती, फौज होती, शत्रू समोर होता आणि हा माणूस जागचा हलला नाही, म्हणून हाकललं. नंतर ते त्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले आणि सपाटून पडले. तुम्ही लिहिलंत, 'जनतेला पारख नव्हती.'

काल दुपारी मी लाल पेन घेतलं. 'कार्यमुक्त' खोडून वर लिहिलं, 'नालायक ठरवून पदावरून हटवले.' खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तुमचे हेडमास्तर झालेले, कारखान्यात साहेब झालेले विद्यार्थी हे वाचतील, एकमेकांना दाखवतील आणि हसतील की गुरुजींना साधा फरक कळला नाही. हसू देत, म्हटलं. त्याच सुरात खाली टीपही लिहायला घेतली, लोकांना कारण कळायला नको का? 'सर्व काही हाताशी असूनही ते निघाले नाहीत, आणि न निघण्याचा दोष आयुष्यभर दुसऱ्यांना देत राहिले.' एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं. वाक्य चांगलं उतरलं होतं. मी ते परत परत वाचलं.

मग टीप खोडली. दुरुस्तीही खोडली आणि समासात लिहिलं, 'मूळ शब्द ठेवा.' धाकट्याला फोन करून सांगितलं की प्रुफं तयार आहेत, घेऊन जा. तो म्हणाला, "ताई, चुका लई असतील ना?" मी म्हटलं, न्हाईत. तुमच्यावर दया आली म्हणून नाही हं, अण्णा. तुमच्यावरचा राग अजून तसाच आहे. पण हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून एकदा लिहून ठेवते. त्या फॉर्मवर वडिलांच्या सहीची जागाच नव्हती. सही फक्त माझी लागत होती.