कणगीतला लखमा

प्रिय सुमन,

तू गेल्यापासून लिहायला बसलो नव्हतो. आज बसलो, कारण आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं आली आहेत आणि मी एका पानावर अडलो. कुठल्या, ते तुला सांगायला हवं का?

पुस्तक दोघांचं, पण नियम तुझा. ज्यानं सांगितलं, त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. लोकांच्या आठवणी गोळा करत डहाणू-तलासरीचे पाडे तू पालथे घातलेस, मी पंख्याखाली बसून लिहिलं. कैनाडच्या देवकीआजीनं तुला सांगितलं होतं, जमीनदाराच्या दारात मोर्चा गेला त्या दिवशी तिची सासू तान्ह्या पोराला घेऊन भाताच्या कणगीत लपली होती. आणि मी? मी तिच्या हातात विळा देऊन तिला मोर्चाच्या पुढे उभी केली!

"अहो, आजीला एकदा वाचून दाखवू या ना," तू म्हणालीस.

"लपलेल्या बाईची गोष्ट कोण वाचणार?" मी खेकसलो.

प्रकाशनाला तेच पान वाचून टाळ्या घेतल्या. तू टाळी वाजवली नाहीस. मला राग आला होता, सुमन!

काल कैनाडला गेलो. आजीनं नातीकडून पुस्तक वाचून घेतलेलं.

"मास्तर, सासू मोर्चात पुढं, मग पोर कोणाजवळ होता?" तिनं विचारलं. "तो पोर म्हणजे माजा नवरा. तुज्या पुस्तकात तो नाहीच."

माफी मागू लागलो, तर म्हणाली, "बाय येऊन गेली ना, पुस्तक आलं तवाच. चूक माजी, बोलली. रडली."

तू एकटी गेलीस? ते गुडघे घेऊन? माझी चूक अंगावर घेतलीस आणि घरी येऊन मला चहा करून दिलास? मला का गं नाही बोललीस? बोलून उपयोग नाही, हे तुला कळून चुकलं होतं. फार लाज वाटते.

पान नव्यानं लिहिलंय. बाळाचं नाव लखमा. तुझ्या वहीत होतं, खाली रेघ मारलेलं. मी ते वाचलंच नव्हतं.

खाली टीप टाकलीय, पहिल्या आवृत्तीतली चूक माझी, सुमनची नव्हे. रविवारी जाऊन आजीला वाचून दाखवतो. ती हो म्हणेपर्यंत पान छापखान्यात जाणार नाही.

तुझा,
प्रभाकर