बेडकीचा हिरवा रंग

११ जाने., शनि.
प्रयोगाला वैशालीला तीनला बोलावलं होतं. आली पावणेचारला. नाटकातली सत्तरीची आई तिच्या तोंडावर रंगवायला मला सव्वा तास लागतो, हे पाच वर्षं माझ्याच खुर्चीत बसणाऱ्या बाईला सांगावं लागतं! कारण काय, तर टीव्हीवरच्या पोरांच्या मालिकेत ती सध्या बेडूकमावशी आहे. कानामागे, केसांच्या मुळाशी हिरवा रंग तसाच. "दादा, वाइप्सने पुसलाय." वाइप्सने! तिथले मेकअपवाले म्हणे डिप्लोमावाले. मी मंडईत म्हाताऱ्या भाजीवाल्यांसमोर तासन्‌तास उभा राहून सुरकुत्या शिकलो. एकीने विचारलंही होतं, "घेणार हायस का नुसता तोंडाकडं बघणार?"
हिरव्यावर माझा बेस दिव्याखाली राखाडी पडतो. आई पहिल्याच अंकात प्रेत दिसते. दिग्दर्शक म्हणतो, "अहो, म्हातारीच आहे ना, असू दे फिकी." ही यांची नजर. शी.

१८ जाने., शनि.
वै. आज पुन्हा हिरवी. स्पिरिटचा बोळा घेतला आणि घासलं. आधी खोबरेल लावून दहा मिनिटं थांबायचं, हे मीच साऱ्यांना शिकवतो. आज वेळ नव्हता. (होता. राग होता.) "हळू" म्हणाली, दोनदा. त्याच कातडीवर लॅटेक्सचं पातळ रबर लावून सुरकुत्या चढवल्या.
सुरकुत्या अप्रतिम. पहिल्या रांगेतूनही खोट दिसली नसती.

२० जाने., सोम.
वै.ने फोटो पाठवला. डावा डोळा सुजून मिटलेला, गाल सोललेला. खाली एवढंच: "दादा, बघा." डॉक्टर म्हणाले, आठ दिवस तोंडाला काही लावायचं नाही.
दिग्दर्शकाला फोन केला. तो लगेच, "त्या बेडकीच्या रंगानेच झालं असणार!" मी "हं" म्हणालो. हं! स्वतःचीच इतकी किळस याआधी कधी…

२२ जाने., बुध.
धायरीला वै.कडे. तिच्या आठ वर्षांच्या मुलीने दारातच विचारलं, "बेडूक करणाऱ्या काकांनी केलं ना हे?" म्हटलं, "नाही, मी केलं." वै. चहा गाळत होती. हात थांबला नाही. "मला तेव्हाच कळलं होतं, दादा. कातडी माझी आहे."
मालिकावाले दुसरी बेडकी शोधताहेत. पुढच्या गुरुवारी वै. शूटिंगला उभी राहिली तर ठीक, नाहीतर भूमिका गेली. मी म्हटलं, गेली तर बरंच, तुझं काम रंगमंचावर. तिने कप जोरात ठेवला. "नाटकाचे महिन्याला चार प्रयोग. उरलेले दिवस मी कोण? आणि बेडूकमावशी तुम्ही एकदा तरी पाहिली आहे का?"
नाही पाहिली.

२५ जाने., शनि.
प्रयोग झाला. तोंडाला काही नाही, फक्त पांढरे केस. मी ग्रीनरूममध्ये हातावर हात. दुसऱ्या अंकात विंगेत जाऊन पाहिलं. पाणी घ्यायला उठताना ती गुडघ्यावर हात ठेवून जराशी थांबली, आणि सत्तरीची झाली. दिग्दर्शक कानाशी, "मग तुमची ती सव्वा तासाची भानगड कशाला हो?" नालायक. पण परत जाऊन लॅटेक्सची बाटली पेटीच्या तळाशी ठेवली.

२८ जाने., मंगळ.
वै.चा फोन. गालाची जखम भरली आहे. परवा सकाळी हिंजवडीपलीकडे शूटिंग. "त्यांना सांगितलंय, माझा रंग माझे दादाच लावतील." मला न विचारता!
"आणि मी नाही म्हणालो तर?"
"मग तिथलेच लावतील, तसाच. नाहीतर दुसरी बेडकी येईल. ठरवा. रागात नको."
बत्तीस वर्षांत माणसाच्या तोंडाला हिरवं फासलेलं नाही. त्यांच्या रंगाची डबी मागवून पाहिली. आत काय आहे ते छापलेलं नाही, तारीख खरवडलेली. हे लहान पोरांच्या कार्यक्रमात! फेकली. पाण्याने निघणारा हिरवा स्वतः आणला, दुपारी चारला माझ्याच कानामागे लावला. दहा दिवसांपूर्वी, त्या घासलेल्या कातडीवर लॅटेक्स चढवण्याआधी, एवढा धीर धरायला हवा होता मी.
आता साडेसात. जराशी खाज आहे. उद्या चारपर्यंत थांबायचं, खाज वाढते का बघायला. वै.ला अजून काही कळवलेलं नाही.