बटण दाबणारं बोट

ती. बाबा,
इथूनच पाया पडते. आधी आशीर्वाद द्या, मग रागवा.

मी मजेत आहे. रुग्णालयातलं फोन घेण्याचं काम आता अंगवळणी पडलंय. हे पत्रही बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर माझं मीच टाइप केलंय. आईचा गुडघा कसा आहे?

काल एक बाई निवडणुकीचा कल विचारायला आल्या. सगळ्यांना विचारलं, पण माझी पाळी आल्यावर आमच्या साहेबांना म्हणाल्या, "यांचं मत कुणाला?"

साहेब म्हणाले, "यांना दिसत नाही हो. आम्ही देऊ तेच यांचं."

सगळे हसले. मी म्हटलं, "मत काय डोळ्यांत असतं का?" बाईंचं पेन थांबलेलं मला ऐकू आलं.

उद्या मतदान आहे. साहेब म्हणत होते, सोबती म्हणून येतो, बटण दाबून देतो. मी नको म्हटल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नोकरीला काही होणार नाही, आईला उगाच सांगू नका. यंत्रावर ब्रेल असतं. मी एकटीच आत जाणार आहे.

बाबा, मागच्या वेळी सोबती तुम्ही होतात. "झालं गं तुझं," म्हणत मला बाहेर आणलंत.

मी कुणाला मत दिलं होतं, तेवढं कळवाल?

तुमचीच,
धाकटी