चमचाभर राखाडी लगदा

ती. ताईस नमस्कार,

मी बरी आहे. वृद्धाश्रमातलं काम अंगवळणी पडलंय, फक्त जेवणाची वेळ नको वाटते. पालक, अंडं, भोपळा, डाळ, सगळं पौष्टिकच. पण दात नसलेल्यांसाठी ते एकत्र वाटून त्याचा राखाडी लगदा करतात. काल चमचाभर चाखला आणि थुंकून टाकला. शी! किळस लगद्याची आली की तो रोज भरवणाऱ्या माझी, कळेना.

जेवताना तोंड घट्ट मिटून बसणाऱ्या इथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना आज सगळं वेगवेगळं कुस्करून दिलं. त्यांनी वाट्या रिकाम्या केल्या. वर म्हणाले, "अगं, भोपळ्यात मीठ विसरलीस!" आणि चक्क हसले.

बाबा जेवत नाहीत, सारखे चिडतात, असं तू लिहिलंस. त्यांनाही एकत्रच वाटून देतेस का? रागावू नकोस, पण उद्या पहिला चमचा तू खा.

तुझी धाकटी