आजींच्या बंद खिडक्या

तीर्थरूप आईस,

तुझ्या तापट लेकाचा नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, टोपीशिवाय उन्हात जात नाही.

कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून फुगलेले असतील. त्यांना सांग, कामाला लागलोय. या उष्णतेच्या लाटेत एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं थंड ठेवायची, जाड पडदे लावून द्यायचे. सोबत एक नर्स असते. तिच्याबद्दल भेटल्यावर सांगेन.

परवा ती माझ्याशी धड बोलली नाही. तो राग मी चौथ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या आजींवर काढला. भर दुपारी त्यांच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. "बंद म्हणजे बंद. पुन्हा उघड्या दिसल्या तर बघा," असं ओरडलो आणि ऊन उतरल्यावर उघडा, हे सांगायचंच राहिलं.

आज सकाळी त्या दार उघडेनात. शेजाऱ्यांकडच्या किल्लीने आत गेलो. खोलीची भट्टी झालेली, आजी मशीनपाशी जमिनीवर. नर्सने त्यांच्या मानेला, काखेत ओली फडकी लावली. मी खिडक्या उघडायला धावलो. आजी डोळे किलकिले करून म्हणाल्या, "रात्रभर बंदच होत्या रे. ओरडू नकोस."

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

बाबा अजून वरच्या पत्र्याच्या खोलीतच झोपतात का? खिडक्या दिवसा बंद ठेव, ऊन उतरलं की उघड. सांगतोय गं, ओरडत नाहीये.

तुझाच,
धाकटा