ढब्बी उपाशी नाही

१४ मार्च, शनिवार दुपार

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. माझी पाठ दुखते, पण ती दुखली नाही तरच बातमी. तुझे भावजी घरातल्या सगळ्या खिडक्या स्वतः रंगवायला निघालेत, तीन आठवड्यांत दीड खिडकी झाली आहे. लॅबमध्ये या आठवड्यात सहा कवळ्या करायच्या होत्या. एका आजोबांनी नवी कवळी तीनदा परत पाठवली, हसताना ती आपली वाटत नाही म्हणून. आमच्या चिमणीचा पुढचा दात पडला का? पडला तर जपून ठेव, आत्याचा धंदाच तो आहे.

पत्रास कारण तूच दिलंस. गेल्या महिन्यात फोनवर म्हणालास, "ताई, जुन्या कन्सोलचं मेमरी कार्ड कुठे सापडतंय का बघ ना. त्या गेममधलं माझं शेत असेल त्यावर. हल्ली काँप्युटरवर घेता येतं म्हणे. चिमणीला दाखवीन." मी म्हटलं, शोधते. शोधायचं काय होतं त्यात? कार्ड दोन वर्षांपासून माझ्या कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवलेलं आहे.

चौकातल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे कन्सोल आणि कार्ड दोन्ही घेऊन गेले. काम तसं सोपं निघालं. कन्सोलवर त्यांचा एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा, तो कार्डावरची फाइल पेनड्राइव्हवर उतरवतो. मग काँप्युटरवर तिचा साचा बदलायचा, म्हणजे तिथल्या गेमला ती वाचता येते. पण पडद्यावर 'कॉपी' आणि त्याच्या खालीच 'डिलीट'! अर्ध्या मिलिमीटरची कामं करणारी बाई मी, माझं बोट बटणावर जाईना. बाईंनी कंट्रोलरच काढून घेतला. म्हणाल्या, "अहो, लोकांचे दात करता ना तुम्ही? मग एवढ्याशाला काय घाबरता?" मी म्हटलं, "दात चुकला तर दुसरा करता येतो."

तर फाइल आली. पेनड्राइव्ह या पाकिटातच आहे. मेलनेही पाठवता आली असती, पण सोबतचं हे मला टाइप करवलं नसतं.

फाइल उघडशील तेव्हा तुला वाटेल, ताईने भलतीच पाठवली. शेत तू तिसऱ्या वर्षी सोडून गेलास. फाइलवर लिहिलंय, वर्ष एकविसावं, वसंताचा नववा दिवस (तिथलं वर्ष चारच महिन्यांचं, आठवतंय ना?). फाइल तुझीच आहे. खेळत बाबा होते.

रिटायर झाल्यावर एकदा त्यांनी मला विचारलं, "छोट्याच्या त्या ढब्बी गायीला कोण घालतं गं?" मी त्यांना कन्सोल लावून दिला. त्या दिवसापासून रोज जेवण झालं की चष्मा पुसून बसायचे. ढब्बीला चारा, कोंबड्यांना दाणे, कुत्र्याला हाक, सेव्ह, बंद. जन्मभर लिफ्टची देखभाल केलेला माणूस, एक दिवस चुकवला नाही. कन्सोल बंद असला तरी जनावरांना भूक लागतेच, असं त्यांना वाटायचं. तुला नि मला ठाऊक आहे, बंद असताना तिथे काहीच होत नाही. आपण चालू करून कामं उरकून सेव्ह केलं, की मगच पुढचा दिवस उजाडतो. म्हणजे ते रोज जाऊन ढब्बीची भूक जागी करत होते आणि भागवत होते. मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांची दुपार गेली असती.

अशी सहा वर्षं. तुला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती, "हसेल तो." नवीन काही बांधलं नाही, एक कोंबडी वाढवली नाही. विहिरीजवळचा कोपरा तू अर्धा नांगरून गेलास ना, तो अजून अर्धाच आहे. मी म्हटलं, उरलेला नांगरून टाका की. तर म्हणाले, "त्याचं शेत आहे. त्याला विचारल्याशिवाय कसं?"

नमनालाच घडाभर तेल झालं. आता सांगते.

बाबा एका रात्रीत गेले, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं आहे. ते अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते आणि शेवटच्या दिवसापर्यंत बोलत होते. मी सकाळी गेले की दोन गोष्टी विचारायचे.

"ढब्बीला घातलंस?"

"हो."

"छोट्याला कळवलंस?"

"हो."

पहिलं 'हो' खोटं होतं, पण त्याने कुणाचं वाईट झालं नाही. कन्सोल बंद होता, ढब्बी उपाशी राहिली नाही. दुसऱ्याचं तसं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मग काय म्हणाला?" मी म्हटलं, कामातून निघता येत नाही म्हणाला. ते म्हणाले, "असू दे. लांब आहे. तू त्याला ओरडू नकोस."

पहिले दोन दिवस वाटलं, लवकरच घरी सोडतील, तुझ्या जिवाला कशाला घोर. तिसऱ्या दिवसापासून तसं वाटत नव्हतं. मग राग होता, दुसरं काही नाही. औषधं, डॉक्टर, रात्रीची जागरणं माझी, आणि तू येऊन नुसता कॉटशेजारी बसलास की त्यांचा चेहरा फुलणार. तो मला बघवला नसता. याहून बरं कारण मी दोन वर्षं शोधतेय.

म्हणजे बाबा गेले ते, तू यायचं टाळलंस असं समजून गेले. आणि तू दर फोनला म्हणतोस, निदान त्यांना फार भोगावं लागलं नाही, आणि मी विषय बदलते, हल्ली खिडक्यांचा काढते. छोट्या, मी फार वाईट वागले. तुझ्याशी आणि त्यांच्याशीही. मला माफ कर, असं म्हणायलाही लाज वाटते, तरी म्हणते.

घरातल्या शेवटच्या दुपारी सगळ्या जनावरांना घालून त्यांनी सेव्ह केलं, आणि संध्याकाळी छातीत दुखायला लागलं. त्याच्या पुढचा दिवस अजून उजाडलेला नाही. दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या, एकदा चालू करून बघू या, चालतंय ना. मी नको म्हटलं. तो दिवस माझ्या हाताने उजाडायला नको.

तू उजाडव. चिमणीला जवळ घेऊन बस, ढब्बीला चारा तिला घालू दे. तो कोपरा मात्र तूच नांगर.

माझ्याशी बोलायचं नसेल तर फोन करू नकोस, मी समजेन. फक्त एक कर. ढब्बीला घातलंस का, तेवढं एका शब्दात लिहून कळव. या घरात एकदा तरी खरं 'हो' येऊ दे.

तुझी, म्हणू देशील तर,

ताई