घड्याळाखाली जमा व्हा

७ फेब्रुवारी, शनिवार
हिला सकाळी बसमध्ये बसवून दिलं. ऑफिसचं ट्रेनिंग, महिनाअखेरपर्यंत परगावी. बस सुटेपर्यंत खिडकीतून एकच घोषा, रविवारी मुलांचं काय करणार? म्हणालो, रविवार माझ्यावर सोड. बस गेली.

घरी पोचतो तोच मेव्हणीचा फोन. मुलांना रविवारी माझ्याकडे पाठवा, इथे गच्ची आहे, झोपाळा आहे. नम्रपणे नकार दिला. मागून आमची ताई म्हणाली, जाऊ ना मावशीकडे! ताई म्हणजे थोरली, वय सात. धाकटा ढब्बू चार वर्षांचा. तोही मावशी, मावशी करत सोफ्यावर उड्या मारायला लागला. मनाला लागलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

संध्याकाळी हिने फोनवर निकाल दिला. तू ने त्यांना फिरायला, पण मुलं कंटाळली तर पुढचे रविवार मावशीचे.

कंटाळतील कशी? मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. माझी शिट्टी वाजली की अख्खा कारखाना मशीन सोडून मैदानात रांगेत उभा राहतो. दोन मुलं म्हणजे माझ्या हातचा मळ.

संकल्प: दर रविवारी सहल. शिस्तीत मजा.

८ फेब्रुवारी, रविवार
म्युझियम. निवड उत्तम. सावली, स्वच्छ बाथरूम, ज्ञान.

डायनासोरच्या सांगाड्यापाशी ढब्बू जमिनीवर उताणा झोपला. त्याला म्हणे पोट खालून बघायचं होतं. दोनदा प्रेमाने सांगितलं. तिसऱ्यांदा शिट्टी वाजवली. उंच छताच्या हॉलमध्ये शिट्टीचा आवाज इतका घुमतो हे आर्किटेक्टने आधी लिहून लावायला हवं होतं. एक आजी मटकन खाली बसल्या. कोणाचं तरी बाळ किंचाळलं. गार्डने आम्हाला दारापर्यंत सोबत दिली, तीही दंडाला धरून.

मुलांची फक्त शेपटी बघून झाली होती.

येताना ताई माझ्यापासून चांगली लांब चालत होती. आपण या माणसाबरोबर नाहीच अशी. मजा आली का विचारलं तर आणखी लांब गेली. ढब्बू म्हणाला, शिट्टी मस्त होती. म्हणजे एकाला आली. सुरुवातीला पन्नास टक्के वाईट नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
शाळेच्या फाटकाशी ताईच्या बाई भेटल्या. रविवारी तुम्ही शेपटी बघायला गेला होतात म्हणे, असं म्हणून हसल्या. मीही हसलो. नंतर कोपऱ्यावर वळेपर्यंत कान गरम होते.

म्युझियम ही माझी चूक नव्हतीच. मुलांना ट्रेनिंग नव्हतं. मशीन हातात देण्याआधी ट्रेनिंग, हा पहिला नियम मीच विसरलो.

१४ फेब्रुवारी, शनिवार
घरात ड्रिल घेतलं. चपलांचं कपाट हा असेंब्ली पॉइंट, म्हणजे शिट्टी वाजली की सगळ्यांनी जमायची जागा. कारखान्यातले नियम जसेच्या तसे शिकवले. पळायचं नाही, रडायचं नाही. ठरलेल्या जागी यायचं आणि तिथून हलायचं नाही. पहिल्याने माणसं मोजायची. कोणी कमी असेल तर जवळच्या अधिकाऱ्याला वर्णन द्यायचं, कपडे आणि ओळखीची खूण यांसकट.

शेवटचा नियम मला फार आवडतो. धुरात अडकलेला माणूस नेहमी म्हणतो, मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे. त्याचं ऐकायचं नाही. हात धरायचा आणि आणायचा.

ताईने शंका काढली, आम्हाला तू मोजणार, तुला कोण मोजणार? समजावलं की ऑफिसरला मोजत नाहीत. ती म्हणाली, का? म्हटलं, कारण तो मोजत असतो. तिला पटलं नाही. हट्टी आहे, आईवर गेली आहे.

ढब्बू तिसऱ्या खेपेला चपलांच्या कपाटात शिरून बसला. हजेरी मात्र वेळेत.

१५ फेब्रुवारी, रविवार
टेकडीवर पिकनिक. तयारी अशी की साहेबांनी बघावी. टॉर्च, दोरी, बँडेज, मलम, जादा शिट्टी, कुलूप. कुलूप कशाला ते आठवत नाही. खायचा डबा सगळ्यात शेवटी तपासून भरायचा म्हणून टेबलावर ठेवला होता.

तो टेबलावरच आहे.

वर पोचल्यावर लक्षात आलं. मुलांना सांगितलं, पिकनिकला निसर्ग बघतात, खातात नंतर. शेजारी एक कुटुंब सतरंजी पसरून ब्रेड आणि उकडलेली अंडी खात बसलं होतं. ढब्बू त्यांच्या सतरंजीच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि प्रत्येक घास तोंडात जाताना बघू लागला. त्या बाईंनी आम्हाला बोलावलं. मी म्हणालो, नको नको, आमचं झालंय. ढब्बूने मोठ्याने सांगितलं, काही झालं नाहीये, बाबा डबा विसरला, आम्ही सकाळपासून निसर्गच बघतोय.

शरमेने अंडं घशाखाली उतरेना. कसंबसं उतरवलं. दुसरंही.

मुलं त्या कुटुंबाच्या मुलांबरोबर अंधार पडेपर्यंत पकडापकडी खेळली. खूप हसली. मी सामान सांभाळत बसलो होतो. मजा आली, हे मान्य करायला हवं. ती मी आणली होती का, हा वेगळा प्रश्न.

१८ फेब्रुवारी, बुधवार
हिचा फोन. मुलांनी स्पीकरवर सगळं सांगितलं, अंड्यासकट. मग ती इतकंच म्हणाली, दमला असशील, या रविवारी पाठव त्यांना ताईकडे. तिच्या ताईकडे, म्हणजे मावशीकडे. रागावली असती तर परवडलं असतं.

म्हणालो, हा एक रविवार दे. ती म्हणाली, मुलांना विचार. विचारलं. ढब्बू म्हणाला, अंडी आहेत का? आमच्या ताईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, बरं, पण हा शेवटचा.

सात वर्षांच्या पोरीने माझ्यावर दया केली. जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
उद्या मोठी बाग. तळं, झुकझुक गाडी, आइस्क्रीम. काहीही चुकू शकत नाही, कारण डबा आत्ताच बॅगेत घातला आहे. नकाशा फोनवर बघितला. असेंब्ली पॉइंट: गेटवरचं मोठं घड्याळ. मुलांकडून पाठ करून घेतलं. नकाशात स्पष्ट दिसतं. जागेवर जाऊन पाहणी करायची गरज नाही.

ऊन लागू नये म्हणून हिची निळी टोपी काढून ठेवली. माझी सापडत नाही.

शिवाय एक गुपित. मध्येच अचानक ड्रिल घेणार. कारखान्यात आधी सांगून घेतलेलं ड्रिल हे ड्रिलच नसतं. मुलं वेळेत जमली की हिला व्हिडिओ पाठवणार. मावशीलाही.

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपार, घड्याळाखाली
अप्रतिम चाललं आहे. गाडीत बसून झालं. ढब्बू इंजिनवाल्याशी बोलला. ताई मला चक्क टाळी देऊन हसली. आइस्क्रीम संपत आलं तशी शिट्टी वाजवली, ड्रिल म्हणून ओरडलो, आणि त्यांच्या आधी पोचावं म्हणून झाडीमागच्या वाटेने पळत आलो. आता व्हिडिओ लावून तयार आहे.

मुलं अजून आली नाहीत. शिस्त कच्ची. बोलावं लागेल.

नंतर
व्हिडिओत नुसतं गेट येतंय. फोनची बॅटरी संपत आली.

एका फुगेवाल्याला विचारलं, दोन मुलं दिसली का? तो म्हणाला, इथे सगळी मुलंच आहेत. मग म्हणाला, दुसऱ्या गेटच्या घड्याळाशी बघा.

दुसरं गेट? दुसरं घड्याळ? नकाशात एकच होतं. बहुतेक. मी मोठा करून बघितला नव्हता.

पण मी हलायचं कसं? नियम माझाच आहे, ठरलेल्या जागेवरून हलायचं नाही. मी निघालो आणि ती इथे आली तर? मधे तळं आहे. तिकडे बघायचं नाही असं ठरवलं. बघितलं. अक्षर नीट येत नाहीये. चार वर्षांचं पोर आणि सात वर्षांची पोर, आणि मी त्यांना सोडून पळालो, व्हिडिओसाठी. देवा, डबा विसरू दे, काहीही विसरू दे, पण

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ, घरी
सापडलो.

वरचं वाक्य अर्धं राहिलं, कारण तेवढ्यात बागेतले सगळे लाउडस्पीकर एकदम खरखरले. आधी एका माणसाचा आवाज: मोठ्या गेटच्या चौकीतून बोलतोय, एक बाबा हरवले आहेत. मग माइक सरकवल्याचा आवाज आणि ताई. तिचा आवाज चांगला खणखणीत येतो, हे मला आज कळलं.

उंची दाराएवढी नाही. पोट पुढे. केस कमी. निळी टोपी, ती आईची आहे. ओळखीची खूण, गळ्यात शिट्टी. ते म्हणतील की मी हरवलो नाही, तुम्ही व्हा पुढे. त्यांचं ऐकू नका. हात धरा आणि मोठ्या गेटच्या घड्याळाखाली आणा.

आजूबाजूची माणसं आधी हसली. मग सगळ्यांनी एकेक करून माझ्या टोपीकडे बघितलं. मी टोपी काढली. मग केस कमी दिसायला लागले.

एक गार्ड सायकल टाकून आला. मी म्हणालो, मी हरवलेलो नाही. तो म्हणाला, हो, तेही सांगितलंय मुलीने. आणि हात धरला. अख्ख्या बागेतून, तळ्याला वळसा घालून, सतरंज्यांच्या मधून, त्याने मला हात धरून नेलं. एका लहान मुलीने तिच्या आईला विचारलं, हेच का ते? मान वर करवेना. आणि खरं लिहायचं तर, इतकी शरम वाटत असतानाही मी त्याला ओढत होतो. लवकर चला म्हणून.

दोघं घड्याळाखाली रांगेत उभी होती. पाठ ताठ, हात बाजूला. ढब्बूच्या गालावर आइस्क्रीम वाळलेलं. ड्रिलमध्ये रडायचं नाही म्हणून तो रडला नव्हता. मी दिसल्यावर त्याने आधी ताईकडे बघितलं. ताईने एक, दोन, तीन मोजलं. तीन म्हणताना माझ्या पोटाला बोट लावलं. मग ती म्हणाली, आता रड, आणि तो रडला.

ताईचे हात बर्फासारखे गार होते. तिने विचारलं, बाबा, हे ड्रिल होतं की खरं?

मी म्हणालो, ड्रिलच. पास झालात.

तिने ढब्बूचा गाल पुसला. डबा तसाच परत आला.

२३ फेब्रुवारी, सोमवार
तांत्रिकदृष्ट्या ड्रिल यशस्वी. मुलं ठरलेल्या जागी वेळेत जमली, हजेरी घेतली, रिपोर्ट केला, वर्णन अचूक दिलं. एका बागेला दोन घड्याळं ठेवणाऱ्यांना पत्र लिहिणार आहे.

पत्र लिहिलं नाही. कारखान्यात आज माझं सेफ्टीवर भाषण होतं. हात धरून आणा या वाक्यापाशी आवाज बसला. पाणी प्यायलो, तरी बसलेलाच. साहेबांना वाटलं धूळ.

२५ फेब्रुवारी, बुधवार
ताईच्या वेण्या घालत होतो. वाकड्या. पाठमोरी होती म्हणून सांगता आलं. म्हणालो, रविवारी ड्रिल नव्हतं, मी खरंच हरवलो होतो, आणि मला फार भीती वाटली. ती म्हणाली, माहीत आहे. मग रिबन बोटाला गुंडाळत म्हणाली, मला पण. मग म्हणाली, डावी जरा घट्ट घाल.

मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. वेणी पुन्हा घातली.

२८ फेब्रुवारी, शनिवार
ही आली. बॅग ठेवायच्या आत ढब्बूने लाउडस्पीकरसकट सगळं करून दाखवलं. केस कमी हे त्याने दोनदा म्हटलं. ती हसली नाही. तळं होतं ना तिथे, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

मावशी उद्या गाडी घेऊन येणार. मी म्हणालो, योग्यच आहे. सहलींचा संकल्प मागे घेतला. कपाट आवरायला घेतलं. माझी टोपी तिथेच होती.

१ मार्च, रविवार
मावशी खाली गाडीत हॉर्न वाजवत होती. हिने मुलांना विचारलं, कोणाबरोबर जायचं? मी पेपर तोंडापुढे धरला होता.

ताई म्हणाली, बाबाबरोबर.

पेपर खाली घेतला. मावशीला ऐकू जावं म्हणून खिडकी पूर्ण उघडली. छाती अशी फुगली की पोट आत गेलं. शेवटी शिस्तीचं महत्त्व मुलांनाच कळतं, असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिने ताईला विचारलं, का गं?

ताई म्हणाली, मावशीकडे काय, कधीही जाता येईल. पण बाबाला एकट्याला सोडलं तर तो परत हरवेल.

मावशी खाली हसली असावी, कारण हॉर्न मध्येच दाबला गेला.

निघालो आहोत. चौघं. शिट्टी ताईच्या गळ्यात आहे. दारातच तिने हजेरी घेतली आणि सगळ्यात आधी मला मोजलं. रांग ठरली आहे, पुढे ताई, मागे आई, मधे मी आणि ढब्बू. कुठे चाललोय ते मला सांगितलेलं नाही. हे बस स्टॉपवर लिहितोय, पण ढब्बूने उजवा हात घट्ट धरलाय आणि सोडायला तयार नाही, म्हणून डाव्या हाताने, आणि आता बस आली